बेटावर मारलेली एक हाक

अगं, काल माळ्यावरून तो तंबू काढला. संतोष म्हणाला, बाबा, जुनं सामान देऊन टाकू कुणाला तरी. मी म्हटलं, आधी बघू तरी काय आहे. पिशवीची नाडी सोडून तंबू झटकला, तर हॉलभर वाळू. पांढरी, मऊ, तिकडची. एवढी वर्षं आपल्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटात आपल्या डोक्यावर बेट पडून होतं आणि आपण खाली टीव्ही बघत बसलो होतो. सून झाडू घेऊन आली. मी तिला म्हटलं, थांब. ती थांबली. मी त्या वाळूकडे बघत बसलो. मग आत गेलो आणि तोंड धुतलं.

मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली आणि हातात खुंटी-दोरी आली. येरवड्यापासून आळंदी रस्त्यापर्यंत कितीतरी लग्नं माझ्या मांडवाखाली लागली, पण पत्र म्हणून लिहिलेलं आठवत नाही. तू माहेरी गेलीस तरी मी निरोप पाठवायचो, चिठ्ठी नाही. आता निरोप न्यायला कोणी नाही, म्हणून लिहितो. सईने वही दिली आहे. आजोबांच्या चुका काढायच्या नाहीत अशी तिला ताकीद आहे.

तुझ्या दहाव्याला गुरुजींनी विचारलं, "नाव सांगा." मी म्हटलं, "आमची ही." गुरुजी म्हणाले, "ही कोण?" लोक बघायला लागले. खरं सांगतो, नाव माहीत होतं, तोंडात येईना. जन्मभर 'अगं' म्हटलं. संतोषने नाव सांगितलं आणि पुढचं उरकलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढा मोठा मांडववाला, आणि एक शब्द उभा करता येईना."

सध्या घरात काय होतं ते तुला सांगतो. संध्याकाळी दिवे लागले की ग्लास वाजतो. स्टीलचा, तुझ्या उशाजवळचा. चमचा लागतो तसा, दोनदा. टण, टण. मी उठून जातो. कॉट रिकामी. ग्लास तर सुनेने घासून फडताळात ठेवलाय. खालच्या मजल्यावर कुणी भांडी लावत असेल म्हणावं, पण भांडी दोनदाच कशी वाजतील? मी कुणाला बोललेलो नाही. बोललो तर मला डॉक्टरकडे नेतील.

पण लिहायला बसलो ते ग्लासासाठी नाही. बेटासाठी बसलो. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय.

अंदमानला जायचं संतोषने ठरवलं तेव्हा तू आधी नाही म्हणालीस. "समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला? अलिबाग काय आटलं का?" मग सई म्हणाली की आपण हॉटेलात नाही, जंगलात राहायचं, तंबूत, रोज चालायचं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "अहो ऐका. जन्मभर दुसऱ्यांचे तंबू ठोकले, आता लेक आपल्याला पैसे भरून तंबूत झोपवतोय." आणि तयार झालीस. सुनेने तुला बूट आणले. पाचवारी साडी, वर खोचलेला पदर आणि खाली ते निळे बूट. विमानतळावर मी म्हटलं, "पळायच्या शर्यतीला चाललीस का?" तू म्हणालीस, "तुम्ही मागे राहिलात तर उपयोगी पडतील."

ते बेट आठवतं का? होडीतून उतरलो तेव्हा माणसाचं काही दिसेना. झाडं एवढी उंच की टोपी पडावी. समुद्राच्या कडेने वाट, ती मध्येच जंगलात शिरायची, मुळांवरून चढायची, उतरायची, पुन्हा खडकांवर यायची. पाठीवर कवच घेतलेले खेकडे पायाखालून सरसर पळायचे. आपला वाटाड्या जोसेफ, तिथलाच, काटक, हिंदी बोलणारा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाबा, यहाँ सब समुंदर के टाइम से चलता है. पानी उतरा तो पत्थर से जाओ, पानी चढ़ा तो जंगल से." मी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यात माझा फरक असतो, हे तुझंच म्हणणं.

पहिल्या संध्याकाळी संतोष तंबू लावत होता. वाळूत त्या बोटभर खुंट्या. मी म्हटलं, "वाऱ्याच्या तोंडाला दार कोण ठेवतं?" तो म्हणाला, "बाबा, हा डोम आहे, आपोआप उभा राहतो." थोड्या वेळाने वारा आला आणि आपोआप उभा राहणारा तंबू आपोआप चालायला लागला. सई त्याच्यामागे किंचाळत पळाली. तू वाळूत बसून इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी. मग मी पिशव्यांत वाळू भरून त्या पुरल्या, त्यांना दोऱ्या बांधल्या, दार फिरवून घेतलं. कापड एका जागी फाटलं होतं. तू पिशवीतून दाभण आणि दोरा काढलास. अंदमानला कोण दाभण नेतं गं? पण आपल्या कनातींना ठिगळं लावता लावता तुझं आयुष्य गेलं, तुला दाभणाशिवाय घराबाहेर पडल्यासारखं वाटायचं नाही. ती शिवण अजून आहे. काल बघितली. एक टाका सुटलेला नाही.

आता दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी पाणी उतरलेलं होतं. सगळे खडकांवरून गेलो, पुढच्या किनाऱ्यावरचा झरा बघितला, खाल्लं, लोळलो. परत निघालो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. जोसेफने सगळ्यांना जंगलातून यायला सांगितलं. तो, संतोष आणि सून सामान घेऊन पुढे गेले. मागे तू, सई आणि मी. त्या मुळांच्या चढावर माझे गुडघे बोलायला लागले. मी म्हटलं, "मी खालून येतो. सकाळी आलो तसाच."

तू म्हणालीस, "सगळं जग वरून चाललंय, तुम्हाला काय खालचा रस्ता राखून ठेवलाय?"

मी म्हटलं, "तू जा. तुझे बूट आहेत ना शर्यतीचे."

एवढंच बोलणं. मी खाली उतरलो.

पाणी घोट्यापर्यंत होतं. खडक काळे, शेवाळलेले. लाटांचा आवाज इतका की स्वतःचा श्वास ऐकू येईना. समोर एक मोठा सपाट खडक होता, ओट्यासारखा. त्याच्यावर पाय ठेवायचा आणि पलीकडे गेलं की झालं, असा माझा हिशेब. मी पाय उचलला.

आणि वरून माझं नाव आलं.

'अहो' नाही. 'बाबा' नाही. माझं नाव. तुझ्या आवाजात.

माझी आई गेल्यापासून मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. धंद्यात शेठ, घरात बाबा, आजोबा, तुझ्या तोंडी अहो. उखाण्यात घेतलं असशील चार बायकांत, पाठ केलेलं, खाली मान घालून. पण हाक? तुझ्या तोंडून माझ्या नावाची हाक मी कधी ऐकली नव्हती. तरीही आवाज ओळखला. पाय उचललेला तसाच राहिला.

त्या क्षणाला समोरच्या खडकावर लाट आली. मोठी नव्हती, गपकन वर आली आणि तो सगळा ओटा पांढरा झाला. माझ्या हातातली काठी ओढून नेली. पाणी उतरलं तेव्हा काठी कुठेच नव्हती. मी मागे सरकलो, मुळं धरून वर चढलो. ओ दिली नाही. का दिली नाही ते तुला माहीत आहे. तूच मला लग्न झाल्यापासून शिकवलं होतंस, अनोळखी जागी, दिवस मावळताना, एका हाकेला ओ देऊ नये. दुसरी हाक आली तरच आपलं माणूस. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत जंगल चढत होतो. ती आली नाही.

तंबूपाशी पोचलो तर तू पाठ करून बसलेली. भाजणी मळत होतीस. सई शेजारी, वाळूत बोटाने रेघा ओढत होती.

मी विचारलं, "हाक मारलीस?"

"कोणी?"

"तू. नावाने."

तू वळलीसुद्धा नाहीस. "ऊन लागलंय तुम्हाला. मी तुमचं नाव घेईन? वेड लागलंय का मला?"

जोसेफने ऐकलं. त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "बाबा, इधर आवाज आता है कभी-कभी. जवाब नहीं दिया ना? अच्छा किया." आणि त्या संध्याकाळी त्याने शेकोटी जरा मोठीच केली.

तिथून माझं ठरलं. मला बेटाने हाक मारली. पुण्यात आल्यावर मी चहाच्या टपरीवर, गोडाऊनवर, भाचीच्या लग्नात, सगळीकडे सांगत सुटलो. बेटाने बायकोचा आवाज काढला, मला थांबवलं, आणि मी वाचलो. लोक अंगावर काटा आला म्हणायचे. तू मात्र उठून आत जायचीस. एकदा पाहुण्यांसमोर म्हणालीस, "पुरे आता. तेच ते. एवढं बेट आवडलं तर तिथेच राहायचं होतं." मला वाटलं, तुला भीती वाटते. भीती होतीच. मी चुकीची धरली.

तुझी आई मला आठवायला हवी होती. भांडणाच्या तोंडात तिने एकदा तुझ्या वडिलांना नावाने हाक मारली आणि त्याच वर्षी ते गेले. तू तेव्हा लहान. आईने ते जन्मभर उरावर घेतलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तुझ्यासाठी ऐकीव नव्हतं, डोळ्यांनी बघितलेलं होतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की तू सईला पुढे करायचीस. मी हसायचो.

तिकडून आल्यावर तू सोमवार धरलेस. कडक. चहासुद्धा नाही. मी म्हटलं, "या वयात कुठला नवरा मागतेस महादेवाकडे?"

तू म्हणालीस, "आहे तोच टिकू दे."

मी हसलो. तूही हसलीस. सांगून टाकलं होतंस गं तू, माझ्या तोंडावर. मला चेष्टा वाटली.

आणि त्या गोळ्या. ब्लडप्रेशरची गोळी सोमवारी घ्यायची नाहीस. "उपाशीपोटी मळमळतं, उद्या घेते." मी ओरडायचो, संतोष ओरडायचा, डॉक्टर ओरडले. तू सगळ्यांना हो म्हणायचीस. तुझीही मान हलवण्याची तीच तऱ्हा होती, फक्त माझी तू पकडायचीस. एका मंगळवारी सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन तू ओट्यापाशी बसलीस ती उठलीच नाहीस. अर्धं अंग गेलं. वाचा गेली.

मग तो ग्लास. हाक मारता येईना म्हणून सुनेने ग्लास आणि चमचा उशाशी ठेवला. तू नेहमी दोनदा वाजवायचीस. एका हाकेला ओ देऊ नये, हा नियम तू स्वतःलाही लावलास. मी यायचो, पाणी द्यायचो, कूस बदलायचो, केस विंचरायचो. वेणी घालायला मला जमायची नाही, दोरखंडासारखी व्हायची. तू अर्ध्या तोंडाने हसायचीस.

एकदा म्हटलं, आता हिला पळून जाता येणार नाही, विचारून घ्यावं. कॉटवर बसलो आणि म्हणालो, "खरं सांग. बेटावर तूच होतीस ना? हो असेल तर एकदा वाजव. नाही तर दोनदा."

तू चमचा हातात धरलास. बराच वेळ धरून होतीस. मग खाली ठेवलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. मी पुन्हा विचारलं नाही. रोज मनात यायचं, उद्या विचारू. मग उद्या संपले.

तेराव्याला सगळे जेवून गेले. सई माझ्याजवळ गच्चीवर आली. कॉलेजात जाते आता, तुझ्याहून उंच झालीय. माथ्यावरून विमान गेलं, लोहगावचं. तुला माहीत आहे, विमान गेलं की आपण सगळे बोलणं थांबवतो. ते जाईपर्यंत ती थांबली.

"आजोबा, एक सांगू? चिडणार नाही ना? आजीने प्रॉमिस घेतलं होतं. पण आता ती नाहीये तर मला ते धरून ठेवता येत नाहीये."

मी म्हटलं, "बोल."

"त्या दिवशी बेटावर आजीनेच हाक मारली होती."

ती बोलत राहिली. म्हणाली, "आम्ही वरून चालत होतो. झाडांमधून तुम्ही दिसत होतात. ती लाट येताना आजीला आधी दिसली. ती आधी 'अहो, अहो' करून ओरडली, आजोबा. दोनदा. तुम्ही वळलाच नाहीत. लाटांमध्ये 'अहो' म्हणजे समुद्रासारखंच वाटत होतं सगळं. मग तिने तुमचं नाव घेतलं. एवढ्या जोरात की मीच घाबरले."

"मग?"

"मग तिने तोंडावर हात दाबला. पाणी आलं आणि तुम्ही दिसेनात. ती पुन्हा हाक मारायलाच तयार नाही. मी म्हणत होते, आजी, ओरड ना, ओरड. ती नुसती स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेत होती. मग तुमची पांढरी टोपी दिसली, झाडीत चढताना. तर म्हणाली, चल, पळ, ते यायच्या आत पोचू. आजोबा, आजी पळाली. साडीत. ते ब्लू शूज घालून."

सई रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. मला दोन्ही जमेना.

मी विचारलं, "लपवलं का पण?"

"म्हणाली, त्यांना कळलं तर घोर लागेल, नाव घेतलं म्हणून. मी म्हटलं, आजी, असं काही नसतं गं. तर म्हणाली, नसेल तर चांगलंच आहे. पण मी महादेवाला सांगून ठेवलंय. जे काय कमी करायचं असेल ते माझ्यातून कर."

ऐकलंस? पोरीने जसंच्या तसं सांगितलं. तुझ्या आवाजात सांगितलं.

मी असलं मानत नाही. नाव घेतल्याने माणूस मरत असता तर बँकेच्या रांगेत प्रेतं पडली असती. तुला हे मी तोंडावर सांगितलं असतं, तुला दम दिला असता, सोमवारी माझ्या हाताने गोळी चारली असती. म्हणूनच तू सांगितलं नाहीस. मला ओळखून होतीस. पण बघ, काय करून ठेवलंस. माझा जीव राहावा म्हणून नाव घेतलंस. नाव घेतलं म्हणून सोमवार धरलेस. सोमवार धरले म्हणून गोळ्या राहिल्या. मी न मानून काय करू? तू मागितलंस तसंच झालं. मांडव कुठून पडणार हे मी एक दोरी बघून सांगायचो. ही दोरी माझ्या घरात, माझ्यासमोर सुटत होती आणि मी टपरीवर बेटाच्या गोष्टी सांगत होतो.

राग येतो. तुझाच येतो. कोणी सांगितला होता हा सौदा? मला विचारायचं होतंस. मी म्हटलं असतं, दोघांतून थोडं थोडं कमी कर म्हणावं. सगळं एकटीने का घेतलंस? हे भांडण मला तुझ्याशी करायचं आहे, आणि तू भिंतीकडे तोंड करून बसलीस.

आणि दुसरंही सांगतो. पुरुषासारखा पुरुष, या वयात, पण सांगतो. त्या खडकावर पाय उचललेला असताना जी हाक आली तिच्याइतकं गोड माझ्या कानावर काही पडलेलं नाही. आईसुद्धा तसं म्हणायची नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते बेटाचं होतं, माझं नव्हतं. आता कळलं की माझं होतं. जगात माझं नाव घेणारं आता कोणी उरलं नाही. इथेही मी ते लिहिणार नाही. तू घेतलंस, तिथेच राहू दे.

आज दुपारी तो तंबू मी गच्चीवर लावला. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. म्हणाले, "आजोबा, गच्ची कॉमन आहे, इथे तंबू ठोकायला परवानगी लागते." मी म्हटलं, "ठोकला कुठे? हा आपोआप उभा राहतो." गेले बिचारे. सईने वाळूच्या पिशव्या भरायला मदत केली. ती सगळी वाळू, हॉलमधली, मी सुनेला टाकू दिली नाही. दार वाऱ्याकडून फिरवून घेतलंय, काळजी करू नकोस. सई खाली गेलीय चहा आणायला. मी आत बसून लिहितोय. तुझी शिवण माझ्या डोक्याशी आहे.

दिवे लागायची वेळ झाली. खाली आत्ता ग्लास वाजला. दोनदा.

पाणी हवं असेल तर ये वर. मी खाली येत नाही आज. रोज मीच येतो आणि कॉट रिकामी असते.

त्या दिवशी तू हाक मारलीस आणि मी ओ दिली नाही. तू तोंडावर हात दाबून त्या झाडांत उभी राहिलीस आणि तुला वाटलं असेल, गेले. तेवढा वेळ तू कसा काढलास ते मला आता कळतं. मी तोच वेळ काढतोय. फक्त मला पांढरी टोपी दिसत नाही.

म्हणून आधी ती ओ. उशिराची आहे, घे.

ओ.

आता माझी हाक. जन्मभर मारली नाही, दहाव्याला तोंडात आली नाही, आज येतेय. मी नाव घेतल्याने तुझं आता काही कमी व्हायचं नाही. आणि एका हाकेला तू ओ देणार नाहीस, तुझाच नियम. म्हणून दोनदा मारतो.

इंदू.

इंदू.